भुकेनंतरची वाढ

ब्रॉयलरचं पिल्लू पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते माझ्या मुठीत सगळंच्या सगळं मावलं होतं. मूठ मिटली तरी बोटांच्या फटीतून त्याच्या काळजाची थरथर लागत होती. नवरा म्हणाला, "दाबू नकोस. तुसावर सोड." मी सोडलं. ते दोन पावलं चाललं, कागदावर पसरलेल्या भरड्यात चोच घातली आणि खायला लागलं. जेमतेम आदल्या दिवशी अंड्यातून बाहेर आलेला जीव. जवळ आई नाही, शिकवणारं कोणी नाही. एकदा खाली गेलेली ती चोच पुढे बाजाराच्या गाडीत चढेपर्यंत झोपेपुरतीच वर यायची.

मी घाटावरची. माहेरी दारात चार-दोन गावठी कोंबड्या असायच्या, त्या काय खातात आणि कधी मोठ्या होतात याकडे कोणी लक्ष देत नसे. लग्न होऊन पालेगावात आले तेव्हा सासरची बरीचशी शेती इमारतींखाली गेलेली होती. उरलेल्या तुकड्यावर नवऱ्याने कोंबड्यांची शेड बांधली. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषधं देते. शेड, पाणी आणि मेहनत आपली. माल तयार झाला की गाड्या येतात आणि उल्हासनगरच्या बाजारात घेऊन जातात. मग शेड धुवायची, चुना मारायचा, नवं तूस पसरायचं आणि पुढच्या पिल्लांची वाट बघायची. शेडच्या मागे टॉवर उभे आहेत. जाळीजवळ उभं राहिलं की लोकांच्या गॅलरीत वाळणारे कपडे दिसतात, आणि लोकांना आम्ही.

पिल्लांच्या पहिल्या लॉटपासून मला या पाखरांच्या वाढीचं वेड लागलं. वेडच म्हणते, कारण काम उरकलं तरी मी उगाच आत जाऊन उभी राहायचे. खाद्याची भांडी छताला दोरीने टांगलेली असतात. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला असावी लागते. जास्त खाली असली तर ती खाद्य उकरून सांडतात, वर असली तर पोचत नाहीत. म्हणून रोज सकाळी दोरी जराशी वर ओढायची. काल बरोबर पाठीला लागलेली कड आज पाठीच्या खाली. रात्रभरात पाठ वर आलेली असायची. घरातलं मूल वाढतं ते आपल्याला दिसत नाही, दिवाळीला आलेल्या मावशीला दिसतं. इथे मात्र वाढ दोरीवर कळायची. सकाळी पिवळ्या लवेचं असलेलं पिल्लू संध्याकाळी पंखाच्या टोकाला पांढरं झालेलं. मी नवऱ्याला म्हणायचे, "बघा हो, दुपारपेक्षा मोठं वाटतंय." तो हसायचा. पण खोटं नव्हतं ते.

आणि मग, ऐन वाढीत, ती उताणी पडू लागायची.

हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा सकाळची वेळ होती. शेडमधला सगळ्यात तगडा म्हणावा असा एक कोंबडा भांड्याशी खात होता. लाल तुरा नुकता फुटलेला, छाती रुंद. खाता खाता त्याने मान वर केली, एकच कर्कश आवाज काढला, पंख जोरात फडफडवले आणि पाठीवर पडला. पाय वर. मी धावत जाऊन उचलला तर मान लुळी. चोचीत अजून खाद्याचा दाणा होता. बाजूची पाखरं क्षणभर पांगली आणि पुन्हा त्याच भांड्याशी आली.

आजारी पाखरू कसं दिसतं ते एव्हाना मला कळत होतं. पिसं पिंजारलेली, डोळे मिटलेले, कोपऱ्यात एकटं. हे तसं नव्हतं. यात बारकी, मरतुकडी पाखरं जात नव्हती. जायची ती सगळ्यात देखणी, आणि तीही खाताना. पुढच्या लॉटमध्ये तेच. त्याच्या पुढच्यात तर रोज सकाळी पाय वर करून पडलेली पाखरं उचलणं हे झाडलोटीइतकंच ठरलेलं काम झालं. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागते. मागचे गॅलरीतून बगतात ना." त्यांनी शेडच्या दाराला लिंबू-मिरची बांधली.

सासूबाईंना मी आई म्हणते. उंच, हाडापेराने मोठी बाई. स्वयंपाकघराच्या दारातून आत येताना अजूनही डोकं वाकवतात. त्यांचं माहेर खाडीकाठचं, मिठागरावरचं. या घरात त्यांचा एक नियम होता आणि तो माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा होता. दारात आलेलं कोणी न जेवता जाणार नाही. मीटर बघायला आलेला माणूसही यांच्या ओटीवर बसून भाकरी खाऊन जायचा.

त्या वर्षी कंपनीकडून नवी डॉक्टर आली. तरुण मुलगी, हेंद्रेपाड्यात राहायची, स्कूटरवरून यायची. तिने पाखरं बघितली, पाणी बघितलं, तूस मुठीत दाबून बघितलं. म्हणाली, "ताई, आज मेलेलं एखादं आहे का? ताजं?"

होतं. नळाजवळ गोणपाट अंथरून तिने ते फाडलं. आई पदर नाकाला लावून पायरीवर बसल्या होत्या. मी डॉक्टरच्या शेजारी उकिडवी बसले. तिने एकेक अवयव बाजूला काढून दाखवला. गळ्याची पिशवी खाद्याने भरलेली. आतडी भरलेली. कलेजी स्वच्छ, चकचकीत. कुठे गाठ नाही, पू नाही.

"काय झालं होतं याला?" मी विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "निरोगी होतं. खाता खाता गेलं." मग तिने हृदय तळहातावर घेतलं. एवढ्या मोठ्या छातीच्या पाखराचं हृदय एवढंसं होतं. "हे बघा ताई. याच्या अंगावर मांस किती भराभर चढतंय. त्या सगळ्या मांसाला रक्त पुरवायचं काम याचं. मांस पुढे पळालं, हे मागे राहिलं." तिने मान वर करून मागच्या टॉवरकडे बघितलं. "समजा, दोन मजल्यांना पुरेल एवढीच पाण्याची मोटर बसवली आणि बिल्डिंग मात्र वीस मजले चढवली. एक दिवस मोटर जळणारच."

नवरा म्हणाला, "मग औषध द्या काहीतरी."

"औषध नाही. दुसऱ्या आठवड्यात खाणं कमी करून बघायचं. दिवसाचे काही तास भांडी वर ओढून ठेवायची. पाणी चालू ठेवायचं, पाणी तोडायचं नाही. वाढ थोडी थांबेल, तेवढ्यात हृदय, फुप्फुसं, पाय भक्कम होतील. मग पोटभर द्यायचं."

"आणि वजन? वजन कमी भरलं तर कंपनी पुढचा लॉट देईल का?"

"बहुतेक भरून काढतात," ती म्हणाली. "मी शिकताना हे बघितलंय. तुमच्यासारख्या उघड्या शेडमध्ये मी स्वतः अजून केलेलं नाही. तुमची तयारी असेल तर मी कंपनीच्या साहेबांशी बोलते."

मला तिचं ते सरळ बोलणं आवडलं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. त्याच वेळी पायरीवरून आईंचा आवाज आला.

"पिलांना उपाशी ठेवाचा?"

"उपाशी नाही हो आजी," डॉक्टर म्हणाली. "थोडा वेळच फक्त."

"थोरा वेल म्हनजे उपाशीच ना? कंपनीची गाडी येऊन खाना टाकून जाते, नि तुमी यो घास त्यांच्या डोक्यावर टांगाचा? त्यांना दिसल नि खावाला नाय मिलाचा?" त्या उठल्या. "यो कंचा धरम? मी नाय येवाची तिकरं. तुमचा तुमी बगा."

आणि खरंच, नवी पिल्लं आली आणि दुसरा आठवडा लागला तेव्हा त्या शेडकडे फिरकल्या नाहीत.

पहिल्या दुपारी मी आणि नवरा एकेक दोरी ओढत सगळी भांडी डोक्याच्या वर घेऊन गेलो. पिल्लांना आधी समजलंच नाही. भांडं होतं तिथे गोल करून तशीच बसून राहिली. मग एकाने मान वर केली. मग दुसऱ्याने. आणि मग आवाज सुरू झाला. भरल्या पोटाची शेड कशी बोलते ते मला माहीत होतं, संथ, कुरकुरल्यासारखं, पावसाळ्यातल्या ओढ्यासारखं. हा आवाज वेगळाच होता. बारीक, उंच, एकाच सुरातला, आणि इतक्या चोचींतून निघालेला की पत्रे वाजताहेत असं वाटावं. मागच्या टॉवरमधली एक बाई गॅलरीत येऊन वाकून बघू लागली. घरात आईंनी टीव्ही मोठा केला. तरी आवाज त्याच्यावरून जात असणार, कारण थोड्या वेळाने टीव्ही आणखी मोठा झाला.

मी शेडमध्येच थांबले. मला वाटलं होतं, ती दमून गप्प पडतील. काही पडलीही. पण बाकीची उठली. इतके दिवस भांड्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून भांड्यापर्यंत एवढाच प्रवास करणारी पिल्लं चालायला लागली. पायाने तूस उकरायला लागली. एक पळालं म्हणून दुसरं त्याच्यामागे पळालं. दोन छोटे कोंबडे छाती फुगवून एकमेकांसमोर उभे राहिले. एक पिल्लू पंख पसरून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेलं, उडायला निघाल्यासारखं. मी इतके लॉट वाढवले होते, पण यांना पळता येतं हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी भांडी खाली सोडायची वेळ झाली. आम्ही दोघं एका टोकापासून सुरुवात केली, आणि तिथेच चुकलं. पहिलं भांडं तुसाला टेकायच्या आत अख्खी शेड त्या टोकाला धावली. मी दुसऱ्या दोरीकडे जाते तोवर पहिल्या भांड्यावर पिल्लांचा ढीग झाला होता, एकावर एक, एकावर एक. नवरा ओरडत हातांनी ढीग फोडत होता. मी उरलेली भांडी धडाधड सोडली. गर्दी पांगली तेव्हा खाली काही पिल्लं चेंगरून मेलेली होती.

आम्ही ती घमेल्यात गोळा करून बाहेर आलो. आई दारात उभ्या होत्या. त्यांनी घमेल्यात बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या आत गेल्या, त्यांनी चहा केला आणि आम्हा दोघांना दिला. नवऱ्याने डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, भांडी एकदम खाली यायला हवीत, सगळी एकाच वेळी. जेवढ्या रांगा तेवढी माणसं लागतील. शेडमध्ये भांड्यांच्या तीन रांगा होत्या, आणि आम्ही दोघं.

"बंद करूया," नवरा मला म्हणाला. "जमायचं नाही हे." मी म्हटलं, अजून एक दिवस बघू.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एकेका रांगेच्या सगळ्या दोऱ्या एका लांब दोराला बांधल्या आणि तो दोर छताच्या पाइपावरून घेतला, म्हणजे एका माणसाने दोर सैल केला की अख्खी रांग खाली येईल. तरी तिसऱ्या रांगेला माणूस हवंच होतं. दुपारी भांडी वर घेतली. संध्याकाळी आम्ही दोर धरून उभे राहिलो, तर मधल्या रांगेच्या टोकाला आई येऊन उभ्या. पदर खोचलेला. त्यांनी दोर हातात घेतला.

"मी उपाशी ठेवाला नाय आली," त्या म्हणाल्या. "मी वाढाला आली. चला, सोरा आता."

तिन्ही रांगा एकदम खाली आल्या. पिल्लं पसरून पळाली, प्रत्येकाला समोर जे भांडं दिसलं तिकडे. ढीग झाला नाही. थोड्याच क्षणांत आवाज थांबला आणि शेडभर फक्त चोचींचा टकटकाट राहिला, कौलांवर पाऊस पडावा तसा. आई दोर धरून तशाच उभ्या. त्या पुटपुटल्या, "खा गो बायांनो. खा."

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. आधी फक्त संध्याकाळी. मग दुपारीही, उपाशी पिल्लांत पाटावर बसून राहायच्या. मी विचारलं, "आवाज सहन होतो का?" तर म्हणाल्या, "पोर रडत असला तं त्याच्याजवल बसावा. टीव्ही लावून काय व्हाचा?" पिल्लं त्यांच्या पायांवर चढायची, पाटल्यांवर चोच मारायची. त्या त्यांच्याशी बोलायच्या. मी जाळीपलीकडे पाणी भरत असताना ते बोलणं ऐकू यायचं. आज कसली भाजी केली, कुठल्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं, असलंच.

आठवडा संपला तेव्हा वजन केलं. पिल्लं हलकी भरली. इतर शेडमधल्या त्याच वयाच्या पिल्लांपेक्षा चांगलीच हलकी. हातात घेतल्यावर छातीचं हाड बोटाला लागत होतं. नवरा काटा परत परत तपासत राहिला. डॉक्टर आली, तिने पिल्लं उचलून पाय ओढून बघितले, छातीला कान लावला. "आता दोर कायमचे खाली," ती म्हणाली. "पोटभर द्या. आणि थांबा."

त्यानंतर जे झालं ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. सांगायला गेलं की लोक म्हणतात, खायला मिळालं म्हणून वाढली, त्यात काय. पण आम्ही इतके दिवस खायला देऊनच वाढवत होतो. ही वाढ तसली नव्हती. पूर्वी सकाळी एकदा दोरी वर घ्यावी लागायची. आता सकाळी घेतलेली संध्याकाळी पुन्हा घ्यावी लागे. छातीचं हाड बोटाला लागायचं बंद झालं. पिसं अशी फुटली की शेडमध्ये सगळीकडे पांढरा भुसा उडायचा, पिसांच्या नळ्यांचा. पाय जाड, पिवळेधमक. ती धावायला शिकलेली होती आणि खायला मिळालं तरी धावणं त्यांनी सोडलं नाही. शरीरात कुठेतरी लिहून ठेवल्यासारखं होतं की आपण इथवर पोचायचं होतं, मधले दिवस गेले, आता ते भरून काढायचे. कोणी सांगितलं त्यांना, कुठवर पोचायचं होतं ते? मी डॉक्टरला हेच विचारलं. ती हसून म्हणाली, "ताई, पुस्तकात याला नाव आहे. पण कसं होतं ते विचाराल तर अजून पूर्ण कोणालाच माहीत नाही." आणि ती माझ्याशेजारी जाळीला धरून बराच वेळ बघत उभी राहिली, स्कूटरची किल्ली बोटात फिरवत.

अशाच एका सकाळी मी दोरी ओढत होते आणि आई खालून भांड्याची कड पाखराच्या पाठीशी जुळवत होत्या. अचानक त्या म्हणाल्या, "माझा पन असाच झाला."

"काय आई?"

"मी लगीन करून आली तवा एवढी होती." त्यांनी हात स्वतःच्या छातीपाशी धरला. "आगरावर आमच्याकरं कदी पोटभर भात नाय भेटला. मीठ डोक्यावर वाहाचा नि पेज पियाची. लगनात लोक हसले, ही नवरी हाय का भावली. हिकरं आली तं घरात भाताची कोठी. माझी सासू, तिला मान द्यावा, कदी ताट मोजला नाय. मी खात सुटली. बाय, मी लगनानंतर वाढली."

"म्हणजे?"

"म्हनजे उंच झाली. लगनातला चुडा मनगटात रुतला, कासाराकरून कापून घेतला. चोली दंडाला बसना. ह्या दाराला माझा डोका लागू लागला." त्या पाखरांकडे बघत बोलत होत्या, माझ्याकडे नाही. "दोन वरसांनी माझी आय आली शिमग्याला. डोक्यावर टोपली. मी दारात उभी. मला म्हनते, 'बाय, माझी लेक कुठं हाय गो?' मी म्हनली, 'आये, मीच.' तिनं टोपली खाली ठेवली नि रडाला लागली. मला वाटला, घरात कोन गेला का काय. तं माझ्या हातावरून हात फिरवते नि म्हनते, 'तुला कोनी घातला एवरा जेवाला?'"

माझ्या हातातली दोरी तशीच राहिली. या घरात इतकी वर्षं राहून, रोज त्यांना दारात मान वाकवताना बघून, मला वाटायचं त्या जन्मतःच तशा असतील. ती उंची त्यांनी एका घरच्या भातावर, उशिरा मिळालेल्या, भरून काढली होती. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. रुंद मनगट, लांब बोटं. त्यांच्या अंगालाही कोणी सांगितलं नव्हतं कुठवर पोचायचं ते.

"मग तुम्ही कशाला रागावलात भांडी वर घेतली तेव्हा?" मी विचारलं. "तुम्हाला तर माहीत होतं."

त्या म्हणाल्या, "माझी धाकटी भैन दिली ती आमच्यावानीच घरात. तिकरं पन पेजच. ती तेवरीच राह्यली. लहान. पयल्या बालंतपनात गेली." त्यांनी भांड्याची कड सरळ केली. "भांडी खाली आली तं वाढ हाय गो. नायच आली तं?"

आम्ही उरलेल्या दोऱ्या ओढल्या.

त्या लॉटमध्ये उताणी पडलेली पाखरं इतकी थोडी होती की एखाद्या सकाळी मी शेडभर फिरून रिकाम्या हाताने बाहेर यायचे आणि विश्वास बसत नसे. गाड्या आल्या तेव्हा वजन बाकीच्या शेडांच्या जवळपास भरलं. थोडं कमीच, पण नवऱ्याचा चेहरा सैल होण्याइतकं जवळ. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचा माणूस पाखरं पायाला धरून पिंजऱ्यात भरत होता. त्याने एक पाखरू तोलून बघितलं, ते जोरात फडफडून त्याच्या हातातून सुटलं आणि शेडभर पळालं. तो म्हणाला, "अरे साईं, ये तो दौड़ता है! ब्रॉयलर है कि गावठी?" आई ओटीवरून ऐकत होत्या. गाड्या निघाल्या तेव्हा त्या आत निघून गेल्या. हे त्या दर वेळी करतात. पाळलेलं पाखरू पाठवताना समोर न राहायची त्यांची रीत आहे ती, मी कधी काही विचारलेलं नाही.

ते सुटलेलं पाखरू त्या दिवशी सापडलं नाही. शेड धुताना सापडलं, रिकाम्या गोण्यांच्या मागे. मादी होती. नवरा म्हणाला, रविवारी कापू. आई म्हणाल्या, "नाय."

उरलेला ब्रॉयलर घरी ठेवायचा प्रयत्न आम्ही पूर्वीही केला होता. आई मायेने त्याला खाईल तेवढं घालायच्या आणि तो महिनाभरात पायांतून खचायचा, मग धाप लागून मरायचा. या वेळी डॉक्टरने सांगितलं, "आजी, हिला जगवायचं असेल तर आयुष्यभर मोजूनच घालावं लागेल. ज्या कोंबड्यांपासून ही पिल्लं येतात, त्या कोंबड्यांनाही तसंच जगवतात." आईंनी विचार केला. मग सकाळी एक मूठ आणि संध्याकाळी एक मूठ, एवढंच. बाकी दिवसभर अंगणात हिंडू दिलं. कोंबडी त्यांच्या मागे ओरडत फिरायची आणि त्या तिला सांगायच्या, "नाय म्हनजे नाय. तुझ्याच भल्याचा हाय." शेजारणी हसायच्या, या बाईच्या दारात पहिल्यांदाच कोणाला तरी नको म्हटलं जातंय.

कोंबडी जगली. पांढरी, भारदस्त, चालताना डुलणारी. पावसाळा गेला तशी ती गावठी कोंबड्यांबरोबर शेणखताचा ढीग उकरायला लागली. अंग मातीत घोळवायला लागली. एक दिवस ती बांधाच्या दगडावर चढून बसली. फार उंच नव्हता, गुडघ्याएवढा. पण एवढ्या वजनाचं अंग वर नेऊन ती तिथे बसली आणि मान वळवून आमच्याकडे बघायला लागली. आम्ही तिघं चहा पीत होतो. आजवर आमच्या शेडमधून गेलेल्या कुठल्याही पाखराने जमिनीवरून वर उठून बघितलेलं नव्हतं.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी आईंनी मला हाक मारली. आवाजात असं काही होतं की मी हातातली कणीक तशीच टाकून धावले. घराच्या मागे, विटांच्या फटीत, कोंबडीने पालापाचोळा गोळा केला होता आणि त्यात एक अंडं होतं. गरम. मोठं, फिकट तपकिरी.

"ही अंडी देते?" नवरा म्हणाला. त्याने इतके लॉट पाठवले होते, पण ही मोठी होऊन अंडी देणारी कोंबडी असते हे त्याच्याही मनात कधी आलं नव्हतं. माझ्याही नाही. आम्हाला ही पाखरं ठाऊक होती ती वयात येण्याच्या आधीचीच.

आईंनी अंडं पदरात धरून घरात आणलं. उबवायला ठेवावं की काय यावर थोडा वेळ चर्चा झाली. मग त्या म्हणाल्या, "पयला हाय. घरातल्यांनी खावाचा." मी वाटीत फोडलं. आत दोन बलक होते, एकाला एक चिकटून, गडद केशरी, दुकानातल्या अंड्यात कधी दिसत नाही तसला रंग.

नवऱ्याने वाटी उजेडाकडे नेली. आईंनी वाकून बघितलं आणि हात जोडले. मी कांदा चिरला, तवा तापवला. तिघांच्या ताटात थोडंथोडं आलं. बाहेर कोंबडी सकाळच्या मुठीसाठी ओरडत होती, आणि आई तोंडातला घास संपायच्या आत तिच्यासाठी उठल्या.